हनोई : थोड्या पैशांत आणि शहराच्या घड्याळाने

हनोईत पहिल्यांदा उतरलेला बॅकपॅकर पैसे वाचवायचे म्हणून घासाघीस करू लागतो आणि तिथेच त्याची गल्लत होते. फोचा, म्हणजे शेवयांच्या सूपचा, वाडगा, बसचे तिकीट किंवा फुटपाथवरचा चहा यांचे भाव या शहरात मुळातच इतके कमी आहेत, की त्यांतून पाच-दहा हजार डोंग (हे व्हिएतनामचे चलन) सोडवून घेण्यात काही अर्थ नसतो. खिसा रिकामा होतो तो दुसरीकडेच : विमानतळाबाहेर पडल्यावरच्या पहिल्या तासात, नोटांवरच्या शून्यांत आणि अवेळी लागलेल्या भुकेत. हनोई पहाटे पाचला जागे होते, साडेअकराला जेवायला बसते, दुपारी थोडी पाठ टेकते आणि ओल्ड क्वार्टर या जुन्या पेठेतल्या काही गल्ल्या सोडल्या तर रात्री लवकरच शटर ओढते. ज्याने या घड्याळाशी आपले घड्याळ जुळवून घेतले, त्याचे झोपणे, खाणे, फिरणे आणि एखाददुसरे प्रवेशतिकीट माझ्या हिशेबाने दिवसाला साडेपाच ते सात लाख डोंगांत बसते. आकडा ऐकून दचकू नये. व्हिएतनाममधील सर्वांत मोठी नोट पाच लाखांची आहे आणि तिची किंमत सुमारे वीस अमेरिकी डॉलर भरते.

निघण्यापूर्वी

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्याला व्हिसा लागतो आणि तो घरबसल्या ई-व्हिसा म्हणून मिळतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून हा व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळू लागला असून एकदाच प्रवेश करायचा असल्यास शुल्क २५ डॉलर आणि अनेकदा प्रवेश हवा असल्यास ५० डॉलर आहे. अर्ज व्हिएतनाम सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच करावा, कारण शोध घेतल्यावर वरच्या ओळींत झळकणारी बरीचशी संकेतस्थळे दलालांची असतात आणि तेच काम दुप्पट-तिप्पट पैसे घेऊन करून देतात. अर्जातील नाव पासपोर्टवर आहे त्याच क्रमाने, मधल्या नावासकट लिहावे. अर्ज नामंजूर झाला तरी शुल्क परत मिळत नाही, त्यामुळे घाईत भरलेला एक चुकीचा रकाना २५ डॉलरला पडू शकतो.

कोणत्या महिन्यात जावे, या प्रश्नाचे माझे उत्तर ऑक्टोबर आणि नोव्हेंबर असे आहे. आग्नेय आशिया म्हटले की बारमाही उकाडा, अशी आपली समजूत असते. हनोईला मात्र खराखुरा हिवाळा आहे आणि डिसेंबर-जानेवारीत तापमान १५ अंशांच्या आसपास किंवा त्याहून खाली उतरते, तेव्हा केवळ टी-शर्ट भरून नेणाऱ्याला पहिल्याच दिवशी जाकीट विकत घ्यावे लागते. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात झिमझिम पाऊस आणि ‘नोम’ नावाची दमट हवा असते. त्या दिवसांत फरशीला घाम फुटल्यासारखे पाणी सुटते आणि धुतलेले मोजे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. जून ते ऑगस्ट उकाडा आणि मुसळधार पाऊस. तेत, म्हणजे चांद्र नववर्ष, जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत येते. त्या आठवड्यात स्वस्त खाणावळी बंद, गाड्या भरलेल्या आणि खोल्यांचे दर चढलेले असतात, म्हणून तंगीत प्रवास करणाऱ्याने तो आठवडा टाळावा.

सामान एका चाळीस लिटरच्या सॅकमध्ये मावेल इतकेच घ्यावे. चाकांची बॅग हनोईत निरुपयोगी ठरते, कारण फुटपाथ हा तिथे चालण्यासाठी नसून दुचाक्या लावण्यासाठी आणि जेवण्यासाठी असतो.

विमानतळ ते बिछाना

नोई बाय विमानतळ शहराच्या उत्तरेस सुमारे पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे. तिथून ८६ क्रमांकाची बस निघते आणि ओल्ड क्वार्टरच्या कडेने हनोई रेल्वे स्थानकापर्यंत जाते; तिचे भाडे सुमारे ४५,००० डोंग आहे. यापेक्षाही स्वस्त हवे असल्यास १७ क्रमांकाची साधी बस लाँग बिएनच्या बसतळापर्यंत जाते. ती वाटेत सर्वत्र थांबते आणि तिच्यात सामानाला जागा नसते. एकट्याने, हलक्या सॅकसह आणि दिवसाउजेडी जायचे असेल तरच ती घ्यावी. रात्री उशिरा पोहोचणाऱ्यांना बस मिळत नाही. त्यांनी ग्रॅब, बी किंवा झान एसएम यांपैकी एखादे ॲप घरूनच फोनमध्ये घेऊन ठेवावे, विमानतळाच्या वायफायवर गाडी मागवावी आणि ॲपने दाखवलेला गाडीचा क्रमांक प्रत्यक्ष पाटीशी ताडून पाहिल्याशिवाय दार उघडू नये. आगमन कक्षाबाहेर स्वतःहून जवळ येऊन ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणणाऱ्या माणसाशी भावाची बोलणी सुरूच करू नयेत.

या वाटेवरची एक जुनी फसवणूक सांगून ठेवतो. चालक अर्ध्या रस्त्यात खेदाने सांगतो, की तुमचे हॉस्टेल बंद पडले आहे, भरले आहे किंवा त्याचे नूतनीकरण चालू आहे, आणि मग तो ‘त्याच मालकाच्या’ दुसऱ्या हॉटेलकडे गाडी वळवतो. एकाच नावाची दोन-तीन हॉटेले एकाच गल्लीत असणे हनोईत नवलाचे नाही, म्हणून नावापेक्षा घरक्रमांक आणि रस्ता यांवर विसंबावे. पत्त्यात ‘न्गो’ असा शब्द असेल तर तो बोळ समजावा. बोळाला मिळणारा क्रमांक मुख्य रस्त्यावरील घरांच्या ओळीतलाच असतो. ३५ क्रमांकाचा बोळ शोधायचा असेल तर ३३ आणि ३७ क्रमांकाच्या घरांच्या मधे पाहावे. एवढे कळले की नकाशा नसतानाही पत्ता सापडतो आणि तुम्ही स्वतः बोट दाखवत चालकाला नेऊ लागलात, की त्याची गोष्ट तिथेच आटोपते.

राहण्यासाठी हॉस्टेलच्या डॉर्ममधली खाट साधारण दीड ते अडीच लाख डोंगांत मिळते. स्वतंत्र खोली घेणार असाल तर जाहिरातीतला ‘खिडकी’ हा शब्द नीट तपासून घ्यावा. ओल्ड क्वार्टरमधील घरे ‘न्या ओंग’ म्हणजे नळीसारखी असतात : रस्त्याकडे जेमतेम तीन-चार मीटर रुंद आणि आत मात्र वीस-तीस मीटर, कधी त्याहूनही खोल. साहजिकच मधल्या खोल्यांना बाहेरची हवा मिळत नाही. मी पहिल्या खेपेस घेतलेल्या खोलीत छान फुलाफुलांचा पडदा होता. सकाळी उजेडासाठी तो सारला तर मागे निळ्या रंगाने रंगवलेली भिंत होती. मालकीणबाईंना विचारले, तेव्हा त्यांनी ‘शांतता असते’ असे सांगितले आणि खरे सांगायचे तर ते खोटे नव्हते. रस्त्याकडच्या खोलीत पहाटे साडेपाचपासून हॉर्न ऐकू येतात, त्यामुळे उजेड हवा की झोप, हे आधीच ठरवून त्याप्रमाणे खोली मागावी. अशा घरांना लिफ्ट बहुधा नसते आणि जिना अरुंद असतो.

हॉटेलने पासपोर्ट मागितला तर त्यात वावगे काही नाही, कारण पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करणे त्यांना बंधनकारक असते. नोंद झाल्यावर मात्र तो परत मागून घ्यावा.

शून्यांचा हिशेब

व्हिएतनामी लिखाणात हजारांच्या जागी स्वल्पविराम नसतो, टिंब असते, म्हणून ५०.००० ही पाटी पन्नास दशांश शून्य नसून पन्नास हजार आहे. खाणावळीच्या फलकांवर तर हजारांची तीन शून्ये गाळून नुसते ‘५० के’ असे लिहिलेले असते आणि बोलताना विक्रेता फक्त बोटांनी ‘पाच’ दाखवतो. तो पाच हजार म्हणतो आहे की पन्नास हजार, हे वस्तूवरून ओळखायचे. चहा असेल तर पाच हजार, फो असेल तर पन्नास हजार.

सर्व नोटांवर दर्शनी बाजूस हो ची मिन्ह यांचेच चित्र आहे, त्यामुळे चेहऱ्यावरून नोट ओळखता येत नाही. खरा घोटाळा वीस हजार आणि पाच लाख या दोन नोटांचा आहे, कारण दोन्ही निळसर आहेत आणि दोन्ही प्लास्टिकच्या. मंद दिव्याखाली घाईत वीस हजारांऐवजी पाच लाख दिले गेले, तर पंचवीसपट रक्कम गेली. पाच लाखांची नोट दीडेक सेंटीमीटरने अधिक लांब असते; शिवाय वीस हजारांच्या मागे होई आनचा छप्पर असलेला जपानी पूल आहे आणि पाच लाखांच्या मागे हो ची मिन्ह यांचे किम लिएन येथील घर. ‘पूल स्वस्त, घर महाग’ हे घोकून ठेवावे. त्याहून सोपा उपाय म्हणजे दोन खिसे करणे : पाच लाख, दोन लाख आणि एक लाख यांच्या नोटा आतल्या पाकिटात, आणि पन्नास हजार व त्याखालच्या बाहेरच्या खिशात. दिवसभरात आतले पाकीट रस्त्यावर काढण्याची वेळ येऊ नये. मोठ्या नोटा मोडण्यासाठी सुपरमार्केट किंवा हॉस्टेल बरे. फुटपाथवरच्या बाईंपुढे सकाळी सहाला पाच लाखांची नोट धरणे हे तिच्यावर अन्याय करणारे आहे.

एटीएम एका वेळी बहुधा वीस ते पन्नास लाख डोंगांहून अधिक देत नाही आणि प्रत्येक वेळी शुल्क कापले जाते, म्हणून थोडे-थोडे काढण्यापेक्षा एकदाच पुरेसे काढावे. यंत्राने ‘तुमच्या चलनात रूपांतर करू का’ असे विचारल्यास नकार द्यावा, कारण तो दर नेहमीच वाईट असतो. डॉलरची नोट बदलायची असेल तर बँकेत किंवा परवानाधारक केंद्रावर जावे. सोनारांच्या काही दुकानांत दर थोडा चांगला मिळतो असे ऐकायला मिळते, पण परवाना नसलेल्या ठिकाणी चलन बदलणे तिथे गुन्हा आहे आणि दंड चलन बदलायला देणाऱ्यालाही होऊ शकतो.

रस्ता ओलांडणे

हनोईत साठ लाखांहून अधिक दुचाक्या आहेत आणि पहिल्या संध्याकाळी त्या सगळ्या तुमच्याच समोरून चालल्या आहेत असे वाटते. पाहुणे दहा-दहा मिनिटे कडेला उभे राहतात आणि शेवटी कंटाळून पलीकडे जाण्यासाठी टॅक्सी करतात, ही मी रचलेली गोष्ट नाही. रस्ता ओलांडण्याची भीती हा हनोईतील एक खर्चाचा विषय आहे.

पद्धत अशी. आधी बस, ट्रक आणि मोटारी जाऊ द्याव्यात, कारण त्या वळून बाजूला होत नाहीत. मग केवळ दुचाक्यांचा प्रवाह उरला, की कडेवरून खाली उतरावे आणि एकाच संथ गतीने, येणाऱ्या वाहनांकडे तोंड वळवून, चालत राहावे. दुचाकीस्वार तुम्ही आत्ता कुठे आहात हे पाहत नाही. दोन सेकंदांनी तुम्ही कुठे असाल याचा अंदाज बांधून तो तुमच्या पुढून किंवा मागून जातो. म्हणूनच धावणे, मध्येच थबकणे आणि सर्वांत वाईट म्हणजे एक पाऊल मागे घेणे या तिन्ही गोष्टी त्याचा अंदाज चुकवतात. हात किंचित खाली धरून तळवा दाखवला तर मदत होते. फोन खिशात असावा. पहिल्यांदा एखाद्या आजीच्या शेजारी, तिच्या आणि वाहनांच्या मधे न येता, तिच्या पावलाबरोबर पाऊल टाकून ओलांडून पाहावे. मी तसेच शिकलो आणि आजींनी एकदाही मान वळवून पाहिले नाही.

१ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या १६८ क्रमांकाच्या अध्यादेशाने लाल दिवा तोडणाऱ्या दुचाकीस्वाराचा दंड ४० ते ६० लाख डोंगांपर्यंत नेला, तेव्हापासून मोठ्या चौकांत गाड्या बऱ्यापैकी थांबू लागल्या आहेत. त्यामुळे नवख्याने पहिले दोन दिवस सिग्नल असलेला चौकच निवडावा. तरीही हिरवा माणूस दिसला म्हणून न पाहता उतरू नये.

स्वतः दुचाकी भाड्याने घेण्याचा मोह मात्र आवरावा. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना मानतो. आपल्याकडील परवाना त्या करारानुसार नसेल, तर गाडी देणारा काहीही म्हणाला तरी कायद्याच्या लेखी तुम्ही विनापरवाना आहात आणि अपघात झाल्यास प्रवासविम्याची कंपनी हात वर करू शकते. शहरात तिची गरजही नाही. ओल्ड क्वार्टर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अर्ध्या तासात पायी होते. त्याबाहेर जायचे असेल तर ॲपवरून दुचाकी-टॅक्सी घ्यावी. तिचे जुने नाव ‘से ओम’, म्हणजे शब्दशः मिठी मारायची गाडी, आणि दोन-तीन किलोमीटरला वीस-तीस हजार डोंग पुरतात. साध्या बसचे भाडे आठ हजारांपासून सुरू होते. मेट्रोच्या दोन मार्गिका चालू आहेत, कात लिन्ह ते हा डोंग ही २०२१ पासून आणि न्योन ते काऊ झाय हा उन्नत टप्पा २०२४ पासून. पण दोन्ही ओल्ड क्वार्टरला स्पर्श करत नाहीत, त्यामुळे पाहुण्याच्या उपयोगाची त्यांपैकी पहिलीच, तीही वान मियेउ या विद्येच्या मंदिराच्या बाजूने आल्यास.

वेळेवर खाणे

हनोईतील स्वस्त जेवण एकेका पदार्थाच्या दुकानात मिळते आणि प्रत्येक पदार्थाला वेळ असते. फो हा सकाळचा पदार्थ आहे. चांगल्या ठिकाणचे पातेले दहा वाजेपर्यंत तळाला लागते. बुन चा, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेले डुकराचे मांस, आंबटगोड रस्सा आणि शेवया, हा दुपारचा. अकराच्या सुमारास फुटपाथवरून धूर येऊ लागला की समजावे. दुपारी दोन वाजता ‘आता जेवू या’ म्हणणाऱ्याला उघडी सापडतात ती फक्त इंग्रजी मेन्यू असलेली आणि तिप्पट भावाची रेस्टॉरंट्स. पैसे वाचवण्याचा याहून मोठा मंत्र मला हनोईत सापडला नाही : सातच्या आत न्याहारी, साडेअकराला जेवण, सहाला रात्रीचे.

सर्वांत भरवशाची जागा ‘कोम बिन्ह झान’, म्हणजे साधी भाताची खाणावळ. काचेच्या कपाटात दहा-पंधरा भाज्या, मासे, अंडी, टोफू मांडलेले असतात. बोट दाखवायचे, बाई भातावर वाढते आणि ताटाकडे एक नजर टाकून किंमत सांगते. पस्तीस ते पन्नास हजारांत पोट भरते. किंमत बसण्यापूर्वी विचारावी, खाल्ल्यावर नव्हे. फुटपाथवरची दुकाने निवडताना जिथे प्लास्टिकचे स्टूल घोट्याएवढे बुटके आहेत आणि त्यांवर कार्यालयीन कपड्यांतली माणसे बसली आहेत, तिथे बसावे. पातेले सतत रिकामे होत असल्याने अन्न ताजे असते.

अशाच एका ठिकाणी मी शेवयांचा वाडगा अर्धा संपवला होता, तेव्हा कोपऱ्यावरून कुणीतरी शीळ घातली. बाई काहीतरी ओरडल्या आणि शेजारचे सगळे गिऱ्हाईक, न विचारता, वाडगा हातात धरून उभे राहिले. त्यांच्याखालचे स्टूल, टेबले, चटणीच्या बरण्या सगळे दहा सेकंदांत घरात गेले. फुटपाथ मोकळा करणाऱ्या पालिकेच्या माणसांचा ट्रक सावकाश समोरून गेला, आम्ही भिंतीला टेकून उभ्याने खात राहिलो, आणि ट्रक वळणाआड होताच स्टूल आपापल्या जागी परत आले. असा प्रसंग आला तर वाडगा सोडून पळू नये. उभे राहावे आणि पैसे देऊनच जावे.

शाकाहारी माणसाने एक शब्द पाठ करावा, ‘चाय’. गंमत अशी की इथे चाय म्हणजे शाकाहार आणि चहाला म्हणतात ‘चा’. ‘तोय आन चाय’, म्हणजे मी शाकाहारी आहे, हे वाक्य बहुतेकांना कळते, कारण बौद्ध परंपरेत चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक लोक मांस वर्ज्य करतात, आणि त्या दोन दिवशी शाकाहारी पदार्थ नेहमीपेक्षा अधिक ठिकाणी मिळतात. ‘कोम चाय’ अशी पाटी असलेली खाणावळ पूर्ण शाकाहारी असते. इतरत्र मात्र सावध असावे : लसणावर परतलेली नाळीची भाजी दिसायला निष्पाप असते, पण तिच्यात ‘नुओक माम’, म्हणजे माशांचा अर्क, पडलेला असू शकतो, मूगडाळीचा थर आणि तळलेला कांदा घातलेला ‘सोय सेओ’ हा चिकट भात न्याहारीला उत्तम, पण त्यावर बहुधा कोंबडीची चरबी ओततात. ती नको, हे वाढण्यापूर्वीच हाताने खुणावून सांगावे. टोमॅटोच्या रश्शातला टोफू आणि अंडे घातलेला बान्ह मी, म्हणजे भरलेला पाव, हे शाकाहार थोडा सैल असलेल्यांसाठी सोपे पर्याय.

नळाचे पाणी पिऊ नये. बहुतेक हॉस्टेलांत गाळलेल्या पाण्याची मोठी बाटली ठेवलेली असते, तिथून आपली भरून घ्यावी.

पेयांच्या बाबतीत दोन जागा लक्षात ठेवाव्यात. एक, ‘चा डा’चा ठेला : बर्फ घातलेला पातळ हिरवा चहा, पाच हजारांच्या आसपास, आणि त्याबरोबर बुटक्या स्टुलावर हवा तितका वेळ बसण्याचा हक्क. उन्हात दमलेल्या माणसाला वातानुकूलित कॅफेपेक्षा हाच आडोसा परवडतो. दोन, ‘बिया होय’ : रोजच्या रोज पिंपातून येणारी हलकी, ताजी बिअर, जी पेल्याला दहा-पंधरा हजारांत मिळते. ता हिएन या गल्लीत पाहुण्यांची झुंबड असते आणि तिथले दर आणि हाका मारणारे पोरगे दोन्ही चढे असतात; तिथून चार गल्ल्या दूर जावे. अंड्याची कॉफी मात्र एकदा अवश्य प्यावी, थोडी महाग असली तरी. १९४६ मध्ये दुधाचा तुटवडा असताना मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्गुयेन वान झांग यांनी दुधाऐवजी अंड्याचा बलक फेटून घातला आणि ती कॉफी पुढे शहराची ओळख झाली.

फुकट आणि जवळपास फुकट

पहाटे साडेपाचला होआन किएम तळ्याकाठी जावे. वृद्ध मंडळी ताय ची करत असतात, बायकांचे गट स्पीकर लावून एरोबिक्स करतात, कुणी बॅडमिंटन खेळते, आणि या सगळ्याला तिकीट नाही. सातनंतर हेच लोक दुचाकीवर बसून वाहतुकीत मिसळतात. शुक्रवारी संध्याकाळपासून रविवारी रात्रीपर्यंत तळ्याभोवतीचे रस्ते वाहनांना बंद असतात, म्हणून रस्ता ओलांडायला घाबरणाऱ्याने हनोईतले पहिले दोन दिवस शनिवार-रविवार येतील असा बेत आखावा.

ओल्ड क्वार्टरमधले रस्ते पूर्वी जो माल विकत त्याच्या नावाने ओळखले जातात. ‘हांग’ म्हणजे माल. हांग बाकवर चांदी, हांग मावर कागदी पूजासाहित्य, लान ओंगवर अजूनही वनौषधींचा वास. हांग थिएकवर पत्र्याचे काम करणारे फुटपाथवरच ठोकत बसतात, आणि मला विचाराल तर संग्रहालयाच्या तिकिटापेक्षा तिथे उभे राहून घालवलेला अर्धा तास मोलाचा. दर दोन चौकांनी रस्त्याचे नाव बदलते. याचा त्रास होण्याऐवजी उपयोग करून घ्यावा, कारण आपण कुठे आहोत हे दुकानातल्या मालावरून कळू लागते.

१८९९ ते १९०२ या काळात फ्रेंचांनी बांधलेला लाँग बिएन पूल पायी ओलांडायला पैसे लागत नाहीत. मधून रेल्वे जाते, दोन्ही बाजूंनी दुचाक्या आणि अगदी कडेला अरुंद पायवाट. पायाखालच्या काँक्रीटच्या लाद्यांमधील फटींतून लाल नदी दिसते. उंचीची भीती असलेल्याने अर्ध्यावरून परतावे. पुलाच्या शहराकडील टोकाशी घाऊक फळबाजार रात्री भरतो.

तिकीट काढून पाहण्याजोगे एकच स्थळ निवडायचे असेल तर वान मियेउ, म्हणजे १०७० साली स्थापन झालेले विद्येचे मंदिर, निवडावे. परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या विद्वानांची नावे कोरलेले ८२ शिलालेख तिथे दगडी कासवांच्या पाठीवर उभे आहेत. एक लाखाच्या नोटेच्या मागे याच मंदिरातील मंडप छापलेला आहे. हो ची मिन्ह यांची समाधी फक्त सकाळी उघडी असते, सोमवारी आणि शुक्रवारी बंद, आणि गुडघे व खांदे झाकलेले असावे लागतात. ‘ट्रेन स्ट्रीट’ म्हणून गाजलेल्या रुळांवरच्या वस्तीत प्रशासनाने अनेकदा कॅफे बंद करून अडथळे उभारले आहेत. पोलिसाने परत फिरवले तर फिरावे. ‘माझ्या मागून या’ म्हणणारा प्रत्यक्षात आपल्या कॅफेत नेऊन महाग कॉफी घ्यायला लावतो.

थोडे सावधपण

हनोईत हिंसक गुन्हे फारसे वाट्याला येत नाहीत, पण छोट्या युक्त्या खूप आहेत. कावड घेतलेली बाई हसत तुमच्या खांद्यावर कावड ठेवते, फोटो काढू देते आणि मग केळ्यांचे दोन लाख मागते; कावड खांद्यावर येण्यापूर्वीच हात जोडून पुढे व्हावे. बूट दुरुस्त करणारा पोरगा न विचारता वाकतो आणि तुमच्या सँडलला गोंद लावून मोकळा होतो. माझी एक सँडल अशी ‘दुरुस्त’ झाली आहे. तिला काहीही झालेले नव्हते. सायकलरिक्षाचा भाव ठरवताना तो माणशी की गाडीमागे, आणि डोंगांत की डॉलरमध्ये, हे कागदावर लिहून घ्यावे. फोन रस्त्याच्या कडेला हातात धरून नकाशा पाहू नये, भिंतीकडे तोंड करून पाहावा, कारण दुचाकीवरून हिसकावणारे असतात.

शहर सोडताना

पुढे दक्षिणेला किंवा चीनच्या सीमेजवळच्या लाओ काईकडे जायचे असेल तर हनोई स्थानकाची रात्रीची गाडी घ्यावी. तिचे तिकीट स्लीपर बसपेक्षा महाग असले, तरी एका रात्रीचे खोलीभाडे वाचते आणि रात्री झोप लागते. विमान पकडायचे असल्यास पुन्हा ८६ क्रमांकाचीच बस. संध्याकाळी चारनंतर रस्ते तुंबतात, म्हणून अडीच-तीन तासांची मुभा ठेवावी. डोंग देशाबाहेर सहसा कुणी बदलून देत नाही, त्यामुळे मोठ्या नोटा विमानतळावरच्या बँकेत बदलून घ्याव्यात आणि बाहेरच्या खिशात उरलेल्या पाच-दहा हजारांच्या नोटा बस येईपर्यंत थांब्याजवळच्या चा डाच्या ठेल्यावर संपवाव्यात. बसच्या तिकिटाचे तेवढे बाजूला काढून.